टाकी मोठेबाबाची, बोट माझं

...अन् वरून तुम्हीच मले इचारता, का बोट काढून काऊन नाई घेतलं! काढून घ्याचं होतं म्हणे! अहो, तुम्ही खुर्चीवर बसून आहा, तुमचे दहाच्या दहा बोटं तुमच्याजवळ आहेत, म्हणून सुचून राह्यलं तुम्हाले. माझं एक बोट भिंतीतल्या पाईपात, डोक्यावर साबणाचा फेस, कंबरेले टॉवेल, तो बी एकाच गाठीवर, पाय घमेल्यात, अन् दाराच्या फटीतून माझा बाप ओरडून राह्यला, "पियुष, बोट काढू नोको!"

घमेल्यात काऊन? सांगतो ना! सगळं सांगतो, आता मले दुसरं काम काय आहे?

तं सोमवार होता. सकाळचे सव्वासात. सव्वाआठची चंद्रपूरची बस. आमच्या नागभीडवरून चंद्रपूर म्हणजे सिंदेवाही, मूल करत करत अडीच तास धरा, अन् अकरा वाजता मले तिथी एका पंखे-कूलरवाल्या शेठच्या गोडाऊनवर हजर व्हाचं होतं. शेठ फोनवर साफ बोलला होता, "अकरा म्हणजे अकरा. सव्वाअकराले आला तं दुसरा पोरगा लावून टाकतो." कॉलेज सोडून दोन वर्षं झाले मले. दोन वर्षं या घरात बसून मी जेवणासोबत टोमणे खाऊन राह्यलो. भाजीत मीठ कमी पडलं तरी बाबा म्हणते, "शिकला असता तं!" आता माझ्या डिग्रीचा अन् मिठाचा काय संबंध? पण नाई! तं तुम्हाले सांगतो, ती नोकरी गोडाऊनची नव्हती माझ्यासाठी, ती या घरातून बाहेर निंगाची होती. बॅग भरून दाराशी ठेवली होती. फक्त आंग धुवून निंगाचं होतं!

आता पह्यले घराचं सांगतो, घराशिवाय बोट समजणार नाई.

आमचं घर म्हणजे घर एकच, मधून भिंत. समोर कवेलूचं छप्पर, मांगं आजोबानं टाकलेला स्लॅब. भिंतीच्या इकडे आम्ही, तिकडे मोठेबाबा, म्हणजे बाबाचे सख्खे मोठे भाऊ, भैयाजी. आठ वर्षं झाले, दोघं भाऊ एकमेकाशी बोलत नाई. कायचं भांडण? तुम्हाले वाटन जमिनीचं, नाईतं सोन्याचं. अजिबात नाई! माझ्या बहिणीच्या, साधनाताईच्या लग्नाच्या पत्रिकेत 'आपले नम्र' लिवलं असते ना, तिथी मोठेबाबाचं नाव मामाच्या खाली छापलं. बस! एवढंच! छापखान्यावाल्यानं जागा पाहून टाकलं असन बिचाऱ्यानं. बाबानं तवाच जाऊन म्हटलं असतं, "दादा, चुकलं," तं पाच मिनिटाची गोष्ट होती. पण बाबा म्हणते, "मी कायले म्हणू? मी छापलं का?" मोठेबाबा म्हणते, "वाचून नाई पाह्यलं का यानं?" अन् या एका ओळीपायी घराची वाटणी झाली बरं का! चार पंच बसले, तंबाखू चोळली, अन् त्या शहाण्या माणसाहिनं निकाल काय देला? बोर आंगणात आमच्या, म्हणून बोर अन् मोटर देवानंदले, म्हणजे माझ्या बाबाले. टाकी स्लॅबवर, जिना तिकडून, म्हणून टाकी भैयाजीले!

समजलं का काई? पाणी आमच्या जमिनीतून निंगते, त्याहिच्या डोक्यावर जाते, अन् तिथून खाली आमच्या नळाले येते. आम्ही मोटर चालू नाई केली तं ते तहानले, त्याहिनं टाकीचा कॉक बंद केला तं आम्ही तहानले. दोन देश असे राहात नसन! पण रोज सकाळी सहा वाजता मोटर लागते, अन् टाकी भरली का तिकडून मोठी आई, म्हणजे मोठेबाबाची बायको, स्टीलची थाळी वाजवते. दोन टोले. ठण्ण, ठण्ण. इकडे बाबा मोटर बंद करते. माझ्या तोंडून धाडलेले निरोप सोडले तं आठ वर्षांत या दोन घरात झालेलं बोलणं म्हणजे एवढंच, ठण्ण ठण्ण!

अन् अशा घरात माझ्या बापाले बाथरूम नवीन कराची होती. आता माझा बाप काई मिस्त्री नाई, धानाची शेती करते. पण उन्हाळ्यात शेतात काम नसते, म्हणून दरवर्षी घरातल्या एका वस्तूवर संकट येते. मांगच्या वर्षी कूलर होता. तो आता कोंबड्याहिले अंडे द्याले कामी येते. यंदा बाबाचे गुडघे दुखाले लागले, खुर्चीवाला कमोड पायजे झाला, अन् बाथरूमचा नंबर लागला. आईनं इस्तारीभाऊ प्लंबरले बलावलं होतं, असं नाई का नाई बलावलं. इस्तारीभाऊनं पाईपावर पान्ह्यानं एक टिचकी मारली, कान लावला, अन् म्हणे, "देवानंदभाऊ, लोखंड सडलं. आतून पापड झाला आहे. पूर्ण लाईन बदला." झालं! माझ्या बापाले कोणी 'पूर्ण' म्हटलं का त्याले वाटते, लुटाले आला. "हा पाईप मी अन् दादानं..." म्हणता म्हणता थांबला, अन् म्हणे, "हा पाईप मी बसवला आहे. याले काई होत नाई." इस्तारीभाऊ चहा पिऊन गेला, अन् बाबानं मोबाईलवर व्हिडिओ लावला.

अकरा दिवस! अकरा दिवस आम्ही शेजारच्या नीलाबाईच्या इथी डबा घेऊन गेलो! नीलाबाई रोज सकाळी दारात उभी, "झालं का जी तुमचं ताजमहाल?" अन् काय काय केलं माझ्या बापानं तुम्हाले सांगतो. दार नवीन बसवलं, प्लास्टिकचं, ते आतमंदी उघडणारं. मंग कमोड बसवला, तो दाराच्या मांगं. मंग दार उघडून पाह्यलं तं ते कमोडले ठोकून थांबलं. वीतभर फट! मी म्हटलं, "बाबा, आत कसं जाचं?" बाबा म्हणते, "तिरपं व्हाचं." मी बारीक आहो, मी तिरपा होऊन जातो. बाबाचं पोट तिरपं बी तेवढंच अन् सरळ बी तेवढंच. ज्या गुडघ्यासाठी हा खटाटोप केला, तो माणूस आत जाऊच शकत नाई! आईनं फरशीवर तांब्याभर पाणी ओतून पाह्यलं, तं पाणी मोरीकडे जाचं सोडून डुलत डुलत दाराकडे आलं, उंबरठा ओलांडून मधल्या खोलीत, जिथी धानाच्या बियाण्याचे पोते ठेवले आहेत. उतार उलटा! बाबा म्हणते, "पाणी सांडाचंच नाई."

म्हणून घमेलं! कमोडचं व्हाईट सिमेंट रविवारी संध्याकाळी लावलं होतं, चोवीस घंटे पाणी लागू द्याचं नव्हतं, फरशी ओली होऊ द्याची नव्हती, म्हणून मले सिमेंट कालवाच्या घमेल्यात उभं राहून आंग धुवाचा हुकूम झाला. "एका बादलीत उरक. शिंतोडा उडला नाई पायजे." धुतलं बापा! घमेल्यात उभं राहून धुतलं! डोक्याले साबण लावला, बादली संपली, म्हणून हात लांबवून नळाची तोटी फिरवली... अन् तोटी माझ्या हातात आली. नुसती तोटी नाई, तिच्यासोबत वीतभर सडका पाईप, त्याच्यावर बाबानं गुंडाळलेली सुतळी अन् सायकलच्या ट्यूबचा तुकडा! व्हिडिओतल्या माणसानं पांढरी टेप गुंडाळली होती, पण बाबा म्हणे, "टेप-बिप नाजूक लोकाहिसाठी असते."

अन् पाणी! असं सरळ पाणी छातीवर आलं, का मी अंगठा लावला. बस, तीच माझी चूक. पह्यलाच विचार मनात आला अन् मी चांगुलपणा केला. या घरात चांगुलपणा केला का माणूस अटकते.

"बाबा!"

बाबा फटीपाशी आले. एक डोळा दिसला. "काय झालं?"

"तोटी निंगाली."

"बोट काढू नोको!"

आई आली. तिचं एक नाक अन् अर्धं तोंड दिसलं. "अगं माय! बियाणं आहे ना रे तिथी! पंधरा दिवसात धानाच्या रोपाचे पऱ्हे टाकाचे आहेत... बोट काढू नोको, बापू!"

टाकीत पाणी किती? हजार लिटर. सहा वाजताच भरली होती, ठण्ण ठण्ण झालं होतं. अन् बंद कराचा कॉक कुठी? मोठेबाबाच्या स्लॅबवर. आता तुम्ही सांगा, साधा माणूस काय करन? बाजूच्या दारात जाईन, म्हणन, कॉक बंद करा. दहा पावलं आहेत हो! शेळी बी जाते रोज! माझ्या बापानं काय केलं? आंगणात बसून लाकडाची खुट्टी तासाले घेतली!

साडेसात. पह्यली खुट्टी फटीतून आत आली. मी अंगठा काढला, खुट्टी ठोकली, तं पाईपाची कड करकन् तुटली अन् भोक मोठं झालं. एका बोटाचं काम दोन बोटावर गेलं. दुसरी खुट्टी आली, बांबूची. आणखी तुटला. इस्तारीभाऊनं म्हटलं होतं ना, पापड! आता तीन बोटं. मंग आईनं वांगं देलं. हो, वांगं! "डेठाकडून खुपस, गच्च बसते." ते वांगं असं सुटलं, का समोरच्या भिंतीवर फुटलं अन् नव्या टाइल्सवरून बिया खाली घसरल्या. बाबा बाहेरून ओरडले, "टाइल्स खराब करू नोको!" म्हणजे माझा हात सुन्न होऊन राह्यला, माझी बस सुटून राह्यली, अन् या माणसाले टाइल्स! मी म्हटलं, "बाबा, मोठेबाबाले सांगा ना कॉक बंद कराले!"

बाहेर खुट्टी तासाचा आवाज थांबला.

"मी त्याच्या पायरीवर पाय ठेवणार नाई. तू बोट काढू नोको, मी उपाय करतो."

अन् उपाय काय केला? आईले सांगितलं, थाळी वाजव!

आता थाळीच्या भाषेत शब्द एकच आहे, मोटर बंद करा. अन् मोटर तं बंदच होती! आईनं ठण्ण ठण्ण केलं. तिकडून मोठ्या आईनं ऐकलं, तिले वाटलं, हे काय नवीन, थाळी तं आपल्याकडून वाजते! तिनं बी ठण्ण ठण्ण केलं. आईनं चार टोले मारले, तिकडून आठ आले. दोन्ही घराहून असा गजर सुरू झाला का नीलाबाई धावत आली, "काय झालं जी? परत कोरोना आला का?" अन् तिनं बी आपली परात आणली!

पावणेआठ. मिथुन आला, माझा दोस्त, मले मोटरसायकलवर बसस्टँडवर सोडाले. बाहेरून हॉर्न. आईनं त्याले सगळं सांगितलं, तं तो फटीत डोळा लावून म्हणते, "पियुष, बोट काढू नोको भाऊ, मी जातो वरती." भला पोरगा, गेला. तं मोठेबाबा जिन्याच्या पह्यल्या पायरीवर बसलेले! आई मिथुनले सांगत होती, ते मोठ्या आईनं भिंतीपलीकडून ऐकून त्याहिले सांगितलं होतं. सगळं माहीत! पुतण्या घमेल्यात उभा आहे, माहीत! पण म्हणते कसे, "ज्याचं पाणी चाललं, त्यानं येऊन म्हणाव. भाड्याचा वकील चालणार नाई."

मंग ते वरती गेले. कॉक बंद कराले नाई हो, पाहाले! बाथरूमच्या वरच्या जाळीतून मले त्याहिचे पाय दिसत होते, धोतर खोचलेलं. अन् इकडे आंगणात बाबा. मान वर करून मोठेबाबाकडे नाई पाह्यलं, तिथी एक कडुलिंब आहे, त्याच्याकडे पाहून बोलले, "ज्याच्या स्लॅबवर टाकी आहे, त्यानं कॉक बंद कराव."

वरून मोठेबाबा आभाळाले सांगते, "ज्याले गरज असन, त्यानं नात्यानं बोलाव."

बाबा कडुलिंबाले, "पोराची बस चालली."

मोठेबाबा आभाळाले, "बसले नाव असते, माणसाले बी असते. नाव खाली छापलं तरी असते."

काढली! पत्रिका काढली! आठ वर्षांनी! माझा खांदा मोडून राह्यला, साबण डोळ्यात गेला, टॉवेलची गाठ ढिली झाली, ती बांधाले दुसरा हात नाई कारण आता दोन्ही तळहात भोकावर, अन् हे दोघं म्हातारे झाडाले अन् आभाळाले निरोप देऊन राह्यले!

तं तुम्हाले सांगतो, माझं डोकं फिरलं. मी जाळीतून असा ओरडलो का अख्ख्या मोहल्ल्यानं ऐकलं. म्हटलं, "ऐका दोघं बी! मी चौदा वर्षांचा होतो तवापासून तुमच्या मधात उभा आहो. 'जाय, त्याले सांग मोटर लवकर लाव. जाय, त्याले सांग शेळी बांध.' दिवाळीले फराळाचा डबा मी नेला, रिकामा डबा मी आणला. तुम्ही मोठे म्हणवता? कायचे मोठे? वयानं तं कडुलिंब बी मोठा आहे, तो निदान सावली देते! आज माझं एक काम होतं, एक! या घरातून निंगाचं! आता भिजू द्या बियाणं, निंगू द्या कमोड, मी हात काढतो. एक...!"

"बोट काढू नोको!"

दोघं बी! एकाच दमात, एकाच सुरात, वरून अन् खालून! अन् मंग नीलाबाईची परातच हातातून खाली पडली. आठ वर्षांत ते पह्यल्यांदा एक वाक्य सोबत बोलले होते. बाबानं मान वर केली. अन् माझ्या बापाचा आवाज असा बारीक झालेला मी कवाच ऐकला नव्हता, "दादा... पोरगं अटकलं जी. बंद कर ना."

आठ वाजून पाच मिनिटं! होऊन जाते, मले वाटलं! मिथुननं गाडी सुरू केली. मी म्हटलं, फेस पुसतो, ओल्यावरच पॅन्ट चढवतो, बस भेटते!

अन् वरून मोठेबाबाचा आवाज, "अरे देवा, कॉक फिरत नाई रे."

फिरन कसा? आठ वर्षं कोणी हातच लावला नाई त्याले! दोघाहिले भीती, एकानं फिरवला तं दुसरा मोटर बंद करन. जाम झाला होता. मोठेबाबानं जोर लावला, अन् कॉकची चावी तुटून त्याहिच्या हातात आली.

मंग माझा बाप, ज्याले त्या पायरीवर पाय ठेवाचा नव्हता, तो गुडघेदुखीवाला माणूस, पान्हा घेऊन दोन दोन पायऱ्या चढत गेला! मी जाळीतून चार पाय पाह्यले. मले वाटलं, आता ठोकतेत, आता फिरवतेत. तं काय ऐकू आलं? "दादा, हा कॉक आपण ब्रह्मपुरीवरून आणला होता ना?" "हो रे, सायकलवर. तू मांगं बसून पाईप धरले होते." "तवा तुझ्या टायरमंदी काटा गेला होता." "बाभळीचा!" हसून राह्यले! मंग हसणं थांबलं अन् नाकं ओढाचा आवाज आला. रडून राह्यले! मंग मोठी आई कपबश्या वाजवत जिना चढली. चहा! स्लॅबवर चहा! मी खालून ओरडलो, "बाबा, कॉक!" तं बाबा वरून म्हणते, "हो रे बेटा, दोन मिनिट... बोट काढू नोको."

सव्वाआठ वाजले. बसचा हॉर्न मले घरातून ऐकू आला. आमच्या घरातून बसचा हॉर्न ऐकू येते, एवढं जवळ आहे स्टँड!

मिथुन फटीत आला. म्हणे, "पियुष, तू टेन्शन घेऊ नोको. मी गाडीनं पुढं जातो, शेठले समजावून सांगतो. तू मांगून ये." गेला. दोस्त असावा तं असा.

साडेनऊले आईनं चुपचाप इस्तारीभाऊले फोन केला. तो आला, वरती गेला, दोघा भावाहिले बाजूले सारलं, टाकीच्या आतमंदी हात घालून भोकात कापडाचा बोळा कोंबला. दोन मिनिटं लागले. दोन! खाली येऊन फटीत तोंड घालून म्हणे, "काढ रे बोट." मी नाई काढलं. मले भरवसाच वाटेना! त्यानं तीनदा सांगितलं तवा काढलं. बोटं कशी झाली होती म्हणता, उकडलेल्या शेंगा!

शेठले फोन लावला. म्हटलं, "शेठ, माझं बोट पाईपात अटकलं होतं." शेठ म्हणते, "आजी मेली म्हणणारे लय पाह्यले, हे नवीन आहे," अन् ठेवून देला. संध्याकाळी मिथुनचा फोन आला. आवाज कसातरी करून म्हणे, "भाऊ, मी समजावलं त्याले, लय समजावलं. तं तो म्हणे, तू चांगलं समजावतो, तू काय करतो? मी म्हटलं, काई नाई. तं म्हणे, मंग तूच राय." राह्यला! समजावाले गेला अन् लागून गेला! मी म्हटलं, पंखे जपून उचल.

फोन ठेवून बाहेर आलो, तं आंगणात एकाच खाटेवर दोघं भाऊ बसलेले, मधात मोबाईल, मोबाईलवर तोच व्हिडिओ. मोठेबाबा म्हणते, "देवा, माझ्या बाथरूमचे पाईप बी त्याच साली टाकले होते ना?" बाबा म्हणते, "हो दादा, ते बी सडले असन. तोडून टाकू. मधली भिंतच पाडू, दोन्ही नवीन करू." "मिस्त्री?" "मिस्त्री कायले? तू आहे, मी आहो..." अन् दोघाहिनं सोबतच माझ्याकडे पाह्यलं. "अन् पियुष आहे. रिकामाच तं आहे घरी."

आज विसावा दिवस आहे त्या गोष्टीले. पऱ्हे टाकून झाले. दोन्ही बाथरूम तोडून ठेवल्या आहेत, दोन्हीकडचे मिळून आम्ही पाचजण डबे घेऊन नीलाबाईच्या दारात रांगेनं उभे राहतो, अन् दिवसभर मी घमेलं उचलतो, एक इकडून सांगते, एक तिकडून सांगते, अन् आता तं थाळीची बी गरज नाई, डायरेक्ट तोंडानं सांगतेत! आठ वर्षं मी देवापाशी एकच मागत होतो, का या दोघाहिचं एकडाव पटू दे. पटलं. आता रोज सकाळी उठून हात जोडतो, म्हणतो, देवा, लहानसं का होईना, पण यांचं परत भांडण लावून दे... निदान एक बाथरूम तरी कमी होईन.